मास्टर चीफचे चिलखत घरी बनवताना या चुका टाळा

हेलो ही व्हिडिओ गेममालिका 2001 साली सुरू झाली आणि तिचा नायक मास्टर चीफ याचे हिरवे चिलखत व सोनेरी काचेचे हेल्मेट घरच्या घरी बनवण्याचा मोह कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्याच्या छंदातील, नवख्यांना आजही होतो. शिवणकाम येत नसले तरी अडत नाही, ईव्हीए फोमच्या (रबरासारख्या हलक्या, लवचीक फोमच्या) शीट, कटर आणि गरम हवा फेकणारी हीट गन एवढ्यावर कामाला हात घालता येतो, हे त्याचे मोठे कारण. मात्र पडद्यावर पात्राने हात उचलला की खांद्याचा भाग छातीच्या भागात सहज घुसतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. फोमचे दोन तुकडे तसे एकमेकांत घुसत नाहीत. घरी बनवलेल्या चिलखतातील बहुतेक बिघाड चित्र हुबेहूब उतरवण्याच्या नादात आतल्या हलणाऱ्या शरीराचा विसर पडल्यामुळे होतात.

पहिली चूक मापाची. चिलखतातील मास्टर चीफ सात फुटांच्या आसपास उंच आहे. इंटरनेटवर मिळणारे टेम्पलेट (तुकडे कापण्याचे कागदी नमुने) आपल्या उंचीच्या प्रमाणात सरसकट लहान केले, तर छाती कशीबशी बसते, पण मनगटाचा भाग हातातून आत जात नाही. म्हणून प्रत्येक भागाचे प्रमाण स्वतंत्रपणे ठरवावे. चिलखताच्या आत घालायचे कपडे अंगावर ठेवून दंड, पोटरी, मांडी यांचा सर्वांत जाड भाग मोजावा आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर वाढवावेत. हेल्मेटसाठी डोक्याच्या घेराबरोबरच हनुवटीपासून टाळूपर्यंतचे अंतरही लागते, कारण हेल्मेट अडकते ते बहुधा तिथेच. ते थोडे मोठे झाले तर आतून फोमच्या गाद्या लावून निभावता येते. लहान झाले तर मागच्या बाजूने उभे चिरून मध्ये पट्टी जोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मापे बरोबर घेऊनही तुकडे लहान पडले, तर दोन ठिकाणी शोध घ्यावा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ हा पर्याय चालू राहिलेला असतो आणि संपूर्ण टेम्पलेट काही टक्क्यांनी आक्रसते. टेम्पलेटच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटरची रेघ आखून ठेवावी आणि प्रिंट हातात येताच ती पट्टीने मोजावी. दुसरे कारण फोमच्या जाडीत दडलेले असते. दहा मिलिमीटर जाडीची पट्टी नळीसारखी गोल वळवली की आतला घेर पट्टीच्या मूळ लांबीपेक्षा सुमारे तीन सेंटिमीटरने कमी भरतो. कागदी प्रतिकृतींसाठी बनवलेल्या टेम्पलेटमध्ये ही जाडी धरलेली नसते. पाच-सहा मिलिमीटरच्या फोमला हा फरक जवळपास निम्म्यावर येतो, म्हणून हातपायांसाठी तीच जाडी सोयीची पडते.

फोम कापण्यापूर्वी जुन्या पुठ्ठ्याचा एक कच्चा सांगाडा करून तो अंगावर चढवावा. नुसते आरशासमोर उभे राहून भागत नाही. खुर्चीवर बसावे, जिना चढावा, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. बसल्यावर छातीचा भाग वर सरकून हनुवटीला टेकत असेल, तर त्याची खालची कड कंबरेच्या वर आणावी. मांडीच्या भागाची आतली वरची कड अर्धचंद्रासारखी कापावी, नाहीतर चालताना दोन्ही मांड्यांचा फोम एकमेकांवर घासून रंगाचा पार निकाल लागतो. या गेममध्ये आपण पात्राच्या डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे वर्षानुवर्षे खेळलेल्यांनाही त्याची पाठ नेमकी कशी आहे ते आठवत नाही. पाठीची चित्रे आधीच जमवलेली बरी.

घरातली जुनी योगा मॅट कापण्याचा विचारही मनात आणू नये. अशा कित्येक मॅट ईव्हीएच्या नसतात. त्यांना गोंद नीट धरत नाही आणि उष्णतेने हवा तसा आकारही येत नाही. कापताना ब्लेड शीटला काटकोनात धरावे. कड फाटल्यासारखी दिसू लागली की ब्लेड बोथट झाले असे समजावे आणि त्याचे टोक लगेच मोडून टाकावे. जोडायच्या दोन्ही कडांवर समोरासमोर खुणा केल्या नाहीत, तर डाव्या पोटरीची कड उजव्या पोटरीला जोडली जाते, आणि हे सांधा पक्का झाल्यावरच कळते.

सांधे उकलण्याची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. पांढरा फेविकॉल फोमच्या सांध्यांना उपयोगाचा नाही. हॉट ग्लू घाईच्या डागडुजीला ठीक असला, तरी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो मऊ पडतो. फर्निचरच्या आणि चपलांच्या कामात वापरतात तो रबरी काँटॅक्ट गोंद घ्यावा. तो दोन्ही कडांना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, बोटाला चिकटेनासा झाला की मगच कडा दाबून जोडाव्यात. ओला असतानाच जोडण्याची घाई केली तर सांधा महिन्याभरातही पक्का होत नाही. फोमला बाक देण्याचे काम जोडणीपूर्वी उरकावे, कारण जोडलेल्या कडेवर हीट गन फिरवली की गोंद सैल पडतो. गोंदाचा डबा उघडा असताना जवळपास हीट गन चालू करणे तर सरळसरळ आगीला आमंत्रण आहे.

रंगाच्या टप्प्यावर कामाची खरी कसोटी लागते. ईव्हीए फोमला बारीक छिद्रे असतात. त्यावर थेट स्प्रे मारला की रंग आत शोषला जातो, पृष्ठभाग खडबडीत दिसतो आणि कोपर वाकवताच त्यावर भेगा पडतात. आधी हीट गन हलती ठेवून पृष्ठभागावर किंचित चमक येईपर्यंत छिद्रे बंद करावीत. त्यानंतर लवचीक राहणाऱ्या रबरी प्रायमरचे तीन-चार पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. भेगा पडल्याच असतील तर वरून आणखी रंग चढवू नये. तेवढा भाग घासून प्रायमरपासून पुन्हा सुरुवात करावी. सजावटीचे काही भाग थर्माकोलचे असतील तर स्प्रेमधील द्रावक ते खाऊन टाकतो, हे मखर रंगवलेल्यांना वेगळे सांगायला नको. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत स्प्रेवर दुधाळ पांढुरकी झाक येते. ती आली तर कोरड्या दिवशी पातळ हात द्यावा, मूळ हिरवा परत येतो. स्प्रेच्या वाफांना एन-95 मास्क अडवत नाही, तो धुळीपुरता आहे. वाफांसाठी रासायनिक कार्ट्रिजचा मास्क आणि उघडी गच्ची, दोन्ही हवेत. नवेकोरे चकचकीत चिलखत खेळण्यासारखे दिसते. कोपऱ्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग फिरवला आणि खाचांत पातळ काळा रंग भरून वरचा पुसून घेतला, की त्याला लढाईची कळा येते.

पट्ट्यांविषयी थोडक्यात. मागे गोंद असलेला वेल्क्रो फोमवर घामाने सुटतो, म्हणून बिनगोंदाचा वेल्क्रो घेऊन नायलॉनच्या पट्टीवर साध्या टाक्यांनी शिवावा आणि पट्टी काँटॅक्ट गोंदाने आतून चिकटवावी. खांद्यांसाठी रुंद इलास्टिक वापरावे.

बाइकच्या हेल्मेटची आरशासारखी सोनेरी काच या पात्राला शोभते, पण ती रंगकाम संपल्यानंतरच आतून बसवावी. काचेवर वाफ धरते तेव्हा आतून भांड्यांच्या साबणाचा पातळ थर देऊन कोरडा पुसल्यास थोडा वेळ निभावते. खरा उपाय म्हणजे पॉवर बँकेवर चालणारा पाच व्होल्टचा छोटा पंखा आणि हनुवटीखाली हवेसाठी ठेवलेली छिद्रे. छिद्रे नसतील तर पंखा आतलीच दमट हवा फिरवत बसतो. अशा काचेतून अंधाऱ्या सभागृहात पायऱ्या दिसत नाहीत, तेव्हा हात धरायला एक मित्र बरोबर असलाच पाहिजे. फोमची बंदूक लोकलमधून किंवा रस्त्यावरून नेताना पिशवीत झाकून न्यावी आणि कॉमिक कॉनसारख्या कार्यक्रमाला निघण्यापूर्वी आयोजकांचे शस्त्रांविषयीचे नियम वाचून घ्यावेत. त्या मित्राच्या पिशवीत काळी टेप, झटपट चिकटणारा गोंद, दोन जादा बकल आणि पाण्याची बाटली द्यावी. चिलखताला खिसे नसतात.