कर्लीच्या खाडीत कयाक चालवायची तर आधी तिथी पाहावी

मे महिन्याच्या अखेरीस सिंधुदुर्गातील जलक्रीडा पावसाळ्यासाठी बंद होतात. त्यामुळे मित्रमंडळींसह तारकर्ली-देवबागच्या पाठीमागे वाहणाऱ्या कर्ली नदीत कयाक चालवायची असेल, तर मेचा मध्य ही त्या हंगामातील जवळजवळ शेवटची संधी असते. सफरीची तारीख बहुतेक जण सुट्टी पाहून ठरवतात. माझा आग्रह असा की ती भरती-ओहोटी पाहून ठरवावी, कारण खाडीत आपल्या दंडातील बळापेक्षा पाण्याची दिशाच अधिक अंतर कापते.

किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे द्वादशीला नऊ. हा हिशेब मुंबईकडचा आहे. मालवणकडे भरती त्याहून थोडी लवकर येते, म्हणून नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी तेथील मच्छीमारांना विचारून घ्यावी. द्वादशी-त्रयोदशीच्या सुमारास सकाळी आठ-नऊच्या दरम्यान पाणी पूर्ण भरते आणि आपल्याला तेच हवे असते: उजाडताच सव्वासहाला निघावे, चढत्या पाण्याबरोबर नदीच्या वरच्या अंगाला जावे, पाणी थबकले की कांदळवनाच्या सावलीत थोडे थांबावे आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर परतावे. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचा ओढ जोरकस असतो, तेव्हा नवख्यांनी जाऊ नये.

एका वर्षी आम्ही चौघे हा विचार न करता दहा वाजता निघालो होतो. ओहोटी पाणी मुखाकडे ओढत होती आणि समुद्रावरून सुटलेला वारा नेमका उलट दिशेने येत होता. अशा वेळी आखूड, उभ्या लाटा उठतात आणि त्या कयाकचे नाक सतत फिरवत राहतात. तासभर वल्ही मारूनही काठावरचा तोच माड आमच्या शेजारी उभा होता. तेव्हापासून वारा वाढण्याआधी, म्हणजे दहाच्या आत, काठाला लागायचे हे आम्ही पक्के केले आहे. संगमाच्या बाजूला, जिथे नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या वेळी कयाक अजिबात नेऊ नये.

दोघांच्या कयाकमध्ये अधिक ताकदीच्या माणसाने मागे बसावे, कारण दिशा मागून सांभाळली जाते. पुढच्याने एकसारखी लय धरावी आणि मागच्याने तिच्याशी वल्हे जुळवावे. निघण्यापूर्वी कयाकचे बूच घट्ट आहे ना, हे स्वतः हाताने तपासावे. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर मित्राला ते खांद्यांपाशी धरून वर उचलायला सांगावे. ते कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे आणि पाण्यात उपयोगाचे नाही. कयाक उलटलीच, तर ती आणि वल्हे सोडू नये. ती एका बाजूने उचलून सरळ करावी आणि मधल्या भागावर पोट टेकवून वर चढावे. हा सराव काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात सर्वांनी एकदा तरी करावा. संकोचाने तो टाळणाऱ्या मित्राला मी तरी पुढे येऊ देत नाही.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्यांचा सदरा आणि फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी एवढे सामान पुरते. जाळ्यांचे तरंगते फ्लोट दिसले की लांबून वळसा घालावा, कारण त्या जाळ्यावर कोणाची तरी दिवसाची कमाई अवलंबून असते. मेच्या उत्तरार्धात पूर्वेला सह्याद्रीवर ढग जमू लागले किंवा गडगडाट ऐकू आला, तर सफर तिथेच आटोपून काठ गाठावा.

उतरतानाही पायांतील बूट काढू नयेत. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांना कालवे चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात आणि खाडीच्या चिखलात झालेली ती जखम लवकर भरत नाही.