लाइन पंप: जाम टाळायचा तर स्लरी सांभाळा

लाइन पंप म्हणजे जोडलेल्या पाइपांतून काँक्रीट, साइटच्या भाषेत माल, ढकलणारा पंप. पाइपातून खडी स्वतःहून सरकत नाही, तिला स्लरी, म्हणजे मालातली सिमेंट, वाळू आणि पाण्याची लापशी, वाहून नेते. स्लरी कुठेही निसटली की खडीला खडी भिडते आणि लाइन जाम होते. साइटवर लगेच पंपाच्या ताकदीला दोष दिला जातो, पण बहुतेक वेळा कारण गळणारा जोड किंवा बिघडलेला माल हेच असते.

म्हणून पाइप जोडतानाच वेळ द्या. प्रत्येक क्लॅम्पमधली रबर रिंग काढून पुसा, खाचेत वाळलेला माल असेल तर खरवडा. चिरलेली रिंग परत बसवू नका. बेंड, म्हणजे वळणाचे पाइप, जितके कमी तितके बरे. उभी लाइन असेल तर पंपापासून उभ्या पाइपापर्यंत उंचीच्या साधारण पाव हिश्श्याइतकी आडवी लाइन ठेवा, नाहीतर वरच्या मालाचे सगळे वजन थेट एस-व्हॉल्व्हवर, म्हणजे पंपातून माल लाइनकडे वळवणाऱ्या फिरत्या पाइपावर, येते. लाइन सळईच्या जाळीवर टेकवू नका, खाली लाकडी ठोकळे द्या.

मालाचा स्लंप, म्हणजे साचा काढल्यावर माल किती खाली बसतो ते माप, 100 ते 150 मिमी असावा. 125 मिमीच्या लाइनला 20 मिमी खडी ठीक चालते. प्लांटवरून मालाची गाडी आल्यावर माल घट्ट वाटला म्हणून पाणी मारू नका. ताकद तर जातेच, शिवाय पाणी पुढे पळते, खडी मागे राहते आणि लाइन जाम होते. ॲडमिक्श्चरचा (मालात मिसळायच्या रसायनाचा) डोस प्लांटच्या माणसाला विचारूनच वाढवा.

सुरुवातीला पाणी सोडून लाइन ओली करा, मग नुसत्या सिमेंट-पाण्याची स्लरी सोडा. 50 मीटरला साधारण दोन पोती सिमेंट, दाट ताकाइतके पातळ. ही स्लरी स्लॅबमध्ये किंवा कॉलममध्ये सोडायची नाही, बाजूला काढायची. 125 मिमीच्या पाइपात मीटरला सव्वाबारा लिटर माल बसतो, म्हणजे 100 मीटर लाइनमध्ये सव्वा घनमीटर. शेवटची गाडी मागवताना हा हिशेब लक्षात ठेवा.

चालू कामात हॉपरमधला (पंपाचा माल ओतायचा हौद) माल ॲजिटेटरच्या (त्यातल्या ढवळणीच्या) शाफ्टखाली जाऊ देऊ नका. हवा ओढली गेली तर शेवटच्या होसमधून (रबरी नळीतून) माल झटक्याने उडतो आणि होस माणसाला फटकावतो. गाडीला उशीर होत असेल तर दर पाच-दहा मिनिटांनी पिस्टनचे दोन स्ट्रोक मागे, दोन पुढे. विदर्भातल्या मे महिन्यात लाइनवर ओले गोणपाट टाकलेच पाहिजे.

दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढायला लागला की पुढे रेटू नका, दोन-तीन स्ट्रोक रिव्हर्स घ्या आणि सावकाश पुढे करा. दोन प्रयत्नांत सुटले नाही तर थांबा. जाम कुठे आहे ते हातोडीने ठोकून कळते: मोकळा पाइप खणखणतो, भरलेला बद्द वाजतो. बहुतेकदा बेंड नाहीतर रिड्यूसर (लाइन अरुंद करणारा पाइप) हीच जागा निघते. आधी रिव्हर्स घेऊन दाब उतरवा, मगच क्लॅम्प सोडा, आणि तोंड जोडासमोर आणू नका.

हॉपरची जाळी उचलायची वेळ आली तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इंजिन बंद केले तरी ॲक्युम्युलेटरमध्ये (तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीत) दाब राहतो आणि एस-व्हॉल्व्ह अचानक फिरू शकतो. बोटे नव्हे, हात जातो. दाब शून्यावर आणा, गेज बघा, किल्ली खिशात टाका.

काम संपले की स्पंज बॉल टाकून लाइन पाण्याने धुवा. छोट्या लाइनला बॉल बाहेरच्या टोकाला घालून रिव्हर्सने ओढला तरी भागते. कॉम्प्रेसरची हवा शक्यतो नकोच. वापरावीच लागली तर शेवटचा होस काढा, बॉल पकडायची जाळी बसवा, समोर कुणी उभे राहू देऊ नका.

देखभालीत वॉटर बॉक्स, म्हणजे पंपाच्या सिलिंडरमागची पाण्याची पेटी, रोज बघा, तो पुष्कळ काही सांगतो. पाणी दुधट झाले तर पिस्टनचे रबर झिजले, तेलाचा तवंग आला तर हायड्रॉलिक सिलिंडरचे सील गेले. एस-व्हॉल्व्ह जिथे टेकून फिरतो त्या वेअर प्लेट आणि कटिंग रिंगमध्ये फट पडली की स्लरी हॉपरमध्येच परत येते. नट आवळून फट निघत नसेल तर रिंग बदला. ग्रीस रोज मारा, बेअरिंगच्या कडेने स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत. सरळ पाइप अधूनमधून फिरवून बसवा, तळाची बाजूच आधी पातळ होते. बेंडची मात्र बाहेरची बाजू झिजते, तीच ठोकून तपासा.