संशयास्पद अटॅचमेंट उघडायच्या आधीची तयारी

मेल आल्यावर मग बघू म्हटलं की घाईत क्लिक होतंच, म्हणून निम्मी कामं आत्ताच उरकून ठेवा. पहिलं म्हणजे विंडोजमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसायला लावा, ते मुळात लपवलेलं असतं आणि त्यामुळे बिल.पीडीएफ.ईएक्सई ही फाइल (ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम) तुम्हाला नुसती बिल.पीडीएफ दिसते. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक, झालं. मे २००० मध्ये जगभर पसरलेला आय लव्ह यू व्हायरस याच लपवाछपवीवर चालला, लव्ह लेटरच्या नावापुढे टीएक्सटी दिसायचं आणि त्यामागे व्हीबीएस, म्हणजे स्क्रिप्ट, लपलेलं. अजूनही हीच युक्ती चालते, कमाल आहे.

विंडोज, ऑफिस, ब्राउझर अपडेटेड हवेत हे काही वेगळं सांगायला नको. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइल्सचे मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून ब्लॉक करायला सुरुवात केली, ती सेटिंग आहे तशीच राहू द्या, आणि फाइलच्या आतच "प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा" असं लिहिलेलं दिसलं तर पुढे तपासायचीसुद्धा गरज नाही, सरळ डिलीट.

आता मेल आला. नुसतं नाव नको, पाठवणाऱ्याचा पत्ता बघा, आणि रिप्लाय कुठल्या पत्त्यावर जाणार आहे तेही बघा. पण पत्ता ओळखीचा निघाला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, इमोटेट नावाचा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) चोरलेल्या जुन्या मेल्सनाच रिप्लाय करून अटॅचमेंट पाठवायचा, म्हणजे विषय तुमचा, खाली संभाषण तुमचं, फाइल मात्र त्यांची. शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन करा, आणि नंबर तुमच्याकडे आधीपासून असलेला वापरा, मेलमधला नको.

मग फाइलचा प्रकार. ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ असलं काही कोणी बिल म्हणून पाठवत नाही. एचटीएमएल फाइल लोकांना साधी वाटते, पण उघडली की हुबेहूब लॉगिन पेज येतं आणि पासवर्ड गेला, यात मालवेअर लागतच नाही त्यामुळे अँटिव्हायरस गप्प बसू शकतो. आणि झिपला पासवर्ड आहे नि तो त्याच मेलमध्ये लिहिलाय, हे तर हमखास खटकायला हवं, कारण तसल्या पासवर्डने गुप्तता काही राहत नाही, एवढंच होतं की मेलच्या स्कॅनरला सहसा आत डोकावता येत नाही.

एवढ्यातून फाइल पार झाली तर व्हायरसटोटल, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणारी वेबसाइट. इथे बरेच जण डायरेक्ट फाइल अपलोड करतात, तसं करू नका, ती फाइल तिथून सिक्युरिटी कंपन्यांना बघायला मिळते, त्यामुळे पगाराची स्लिप, करार, मेडिकल रिपोर्ट असलं काही असेल तर पंचाईत. आधी फाइल न उघडता सेव्ह करा, पॉवरशेलमधल्या गेट-फाइलहॅश कमांडने तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढा, ६४ अक्षरांचा असतो, आणि तो व्हायरसटोटलच्या सर्चमध्ये टाका. फाइल आधी कोणी तपासली असेल तर रिझल्ट लगेच येतो. नाही सापडला तर त्याचा अर्थ फाइल चांगली आहे असा नाही, तिथे ती अजून कोणी टाकलेली नाही एवढाच. सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांपैकी एखाद्यानेच लाल दाखवलं तर ती चुकीची घंटा असू शकते, पण शून्य लाल असलं तरी ताजा मालवेअर सगळ्यांच्या हातून सुटलेला असू शकतो, म्हणून घाई नसेल तर एक दिवस थांबून परत स्कॅन करा, माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

तरीही उघडायचीच असेल तर विंडोज सँडबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आत उघडणाऱ्या वेगळ्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये (विंडोज प्रोमध्ये मिळतो, होममध्ये नाही), नेटवर्क बंद करून, कारण मुळात ते चालू असतं. सँडबॉक्स बंद केला की आतलं सगळं पुसलं जातं. काही मालवेअर सँडबॉक्स ओळखून शांत बसतात, तेव्हा काही झालं नाही म्हणून तीच फाइल बाहेर येऊन उघडू नका.

ऑफिसचा मेल असेल तर यातलं काहीच स्वतः करायचं नाही, आयटीला रिपोर्ट करा, आणि "बघ रे हे काय आहे" म्हणून शेजारच्याला फॉरवर्ड तर अजिबात नको. आणि क्लिक होऊनच गेलं असेल तर आधी नेट तोडा, मग आयटीला सांगा, आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, त्याच मशीनवरून बदललेत तर नवीन पासवर्डही त्यांनाच मिळायचा.