गोव्यातल्या शाळेचे कॅडेट्स हिमालयात न्यायचेत? तयारी कशी करायची ते सांगतो

एनसीसीची मुलं घेऊन मनालीच्या बाजूला बर्फात जायचा बेत असेल तर बूट, दोर, पैसे हे सगळं नंतर, आधी कॅडेट्सची एक सवय मोडा. परेडला उन्हात डोळ्यापुढे अंधारी आली तरी पोरगं हूं की चूं करत नाही, विचारलं की उत्तर ठरलेलं, "ठीक आहे सर". ग्राउंडवर हे खपून जातं. साडेतीन हजार मीटरवर हेच जिवावर बेतू शकतं.

आपण समुद्राच्या पातळीवर राहणारी माणसं. गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर सत्तरीतलं सोसोगड, तेही 1166 मीटर, आणि विरळ हवेचा त्रास साधारण 2500 च्या वर सुरू होतो. म्हणजे इथे कितीही डोंगर चढलात तरी शरीराला त्या हवेची सवय होत नाही, ती तिकडे जाऊन हळूहळूच होते. फिटनेसचा आणि त्या त्रासाचा संबंध फारसा नाही हे मुलांना आधीच सांगा, उलट शाळेत पहिला धावणारा मुलगा तिकडेही धावत सुटतो आणि संध्याकाळी टेंटमध्ये डोकं धरून बसतो.

म्हणून सांगायची प्रॅक्टिस इथूनच सुरू करा. जोड्या पाडा, आणि सराव संपला की जोडीदाराने चार गोष्टी विचारायच्या: डोकं दुखतंय का, मळमळतंय का, थकवा किती, चक्कर येतेय का. प्रत्येक गोष्टीला शून्य ते तीन मार्क, वहीत लिहायचे. ही डॉक्टर लोकांचीच पद्धत आहे. वर गेल्यावर डोकेदुखी असून बेरीज तीन किंवा जास्त आली की हाय अल्टिट्यूडचा त्रास धरायचा, त्या मुलाने त्या दिवशी पुढे चढायचं नाही, विषय संपला. जो खरं सांगतो त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या, एक-दोन महिन्यांत मुलं मोकळेपणाने बोलायला लागतात.

मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीपासून सराव धरा. पिट्टू म्हणजे सामानाची सॅक पाठीवर घेऊन मिरामारच्या वाळूत चालणं, शाळेचे जिने, रविवारी पारोड्याचा चंद्रनाथ, आणि शेवटी सोसोगड, तो म्हादई अभयारण्यात येतो त्यामुळे वन खात्याची परवानगी आधी घ्या. वजन हळूहळू वाढवा, पण मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर नको. ट्रेकिंगचे बूट याच काळात घालून मऊ करा, नवे कोरे बूट घेऊन गेलात की दुसऱ्याच दिवशी टाचेला फोड.

कपड्यांचं म्हणाल तर आपल्याला कॉटनची सवय, पण घामाने भिजलेलं कॉटन तिकडे अंगावरच थंड पडतं आणि वाळत नाही. आपल्याकडे घरोघरी फुटबॉलची जर्सी असते, ती आतून घालायला एकदम बेस्ट, त्यावर फ्लीसचं उबदार जॅकेट, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. बर्फाचे बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे), बर्फात रोवायची कुऱ्हाड म्हणजे आइस अ‍ॅक्स, हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा) विकत घेऊ नका, मनालीत भाड्याने मिळतात, फक्त बूट प्रत्येक मुलाच्या पायात घालून बघा. गॉगल मात्र चांगला घ्या, बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे अक्षरशः भाजतात.

प्रवास शक्यतो ट्रेनने, वास्कोहून निजामुद्दीन आणि पुढे बस. मनाली साधारण 2000 मीटरवर आहे, तिथे दोन रात्री थांबा. पुढे 3000 च्या वर गेलात की आज जिथे झोपलात त्यापेक्षा उद्या 500 मीटरहून जास्त उंचीवर झोपायचं नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण आराम. माझं मत विचाराल तर शाळकरी मुलांना मनालीजवळचं बकरथाच, बियास कुंड आणि बर्फातलं ट्रेनिंग एवढं पुरे, 5289 मीटरचं फ्रेंडशिप पीक हे आधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेल्या मोठ्या कॅडेट्ससाठी ठेवा. तिथे हवेचा दाब इथल्या जवळजवळ निम्मा असतो.

बर्फात पहिला दिवस फक्त घसरण थांबवायला द्या. खाली सपाट जागा असलेला उतार निवडा, क्रॅम्पॉन काढून ठेवा. एक हात अ‍ॅक्सच्या डोक्यावर, दुसरा दांड्याच्या टोकाजवळ, अ‍ॅक्स छातीवर तिरकी, घसरलं की पोटावर उलटायचं आणि खांद्याचा भार टाकून डोक्याकडचं अणकुचीदार टोक बर्फात रुतवायचं. पाठीवर, पोटावर, डोकं खाली, सगळ्या बाजूंनी करून घ्या, हात आपोआप चालेपर्यंत.

जेवणात एक अडचण येते, उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं, आपला उकडा तांदूळ पातेल्यात शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर न्या आणि संध्याकाळी मऊ पेज करा, भूक मेलेली मुलंसुद्धा मीठ-लोणच्याबरोबर पेज पितात. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, खिशात चिक्की, खजूर.

धोक्याची दोन लक्षणं सगळ्यांना पाठ हवीत. बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला, हे फुप्फुसात पाणी होत असल्याचं. आणि सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता न येणं, बोलणं भरकटणं, हे मेंदूला सूज येत असल्याचं. यात सकाळची वाट बघायची नाही, रात्र असो पाऊस असो, लगेच खाली, सोबत मोठा माणूस देऊन. डायमॉक्स वगैरे उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या फक्त डॉक्टरांनी सांगितल्या तरच, आणि सल्फा गटातल्या औषधांची अ‍ॅलर्जी आहे का ते घरच्यांना आधी विचारा.

पालकांची मीटिंग निघायच्या महिनाभर आधी घ्या. दमा, फिट्स, आधीचं ऑपरेशन सगळं फॉर्मवर लिहून घ्या, आणि मुलगा किंवा मुलगी अर्ध्यातून परत येऊ शकते हे तेव्हाच स्पष्ट सांगा. वर नेटवर्क मिळेलच असं नाही, तेव्हा एक शिक्षक मनालीतच ठेवा, रोज संध्याकाळी कॅम्पवरून त्यांना निरोप पोचेल अशी सोय गाइडकडून आधी पक्की करून घ्या, आणि त्यांनी तो पालकांच्या ग्रुपवर टाकायचा.