अयनदिनाच्या निमित्ताने उद्दिष्टांचा आढावा कसा घ्यावा

दरवर्षी २१ जूनच्या सुमारास सूर्य कर्कवृत्तावर येतो; तो दिवस म्हणजे अयनदिन. उत्तर गोलार्धात तो वर्षातील सर्वांत मोठा दिवस असतो, तर दक्षिण गोलार्धात सर्वांत लहान. जानेवारीत केलेले संकल्प तपासण्यासाठी ही तारीख दोन्हीकडे सारखीच सोयीची आहे. लीप नसलेल्या वर्षात २१ जून हा १७२वा दिवस असतो आणि त्यानंतर १९३ दिवस उरतात. म्हणजे पावणेसहा महिन्यांचा अनुभव गाठीशी असतो आणि तरीही निम्म्याहून अधिक वर्ष शिल्लक असते.

आढावा त्याच दिवशी उरकला पाहिजे असे नाही. या काळात सूर्याचे उत्तरेकडे सरकणे अत्यंत मंदावते आणि आठवडाभर दिनमान जवळजवळ तेवढेच राहते, तेव्हा त्या आठवड्यातील कोणतेही निवांत दोन तास निवडावेत. बसण्यापूर्वी दिनदर्शिका, बँकेचे पासबुक, फोनमधील नोंदी आणि असल्यास व्यायामाची किंवा वाचनाची वही जवळ घ्यावी. केवळ आठवणीवर विसंबू नये, कारण गेल्या पंधरवड्यातील उत्साह किंवा कंटाळा साऱ्या सहामाहीला चिकटवण्याची आपल्याला सवय असते.

प्रत्येक उद्दिष्टासाठी वेगळे पान घ्यावे आणि त्यावर काय ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले आणि खंड नेमका केव्हा पडला, हे लिहावे. यातील तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची असते. ‘नवी भाषा शिकणे’ या शीर्षकाखाली ‘जमले नाही’ एवढेच लिहिल्याने हाती काहीच लागत नाही; मात्र ‘फेब्रुवारीअखेरपर्यंत रोज रात्री पाऊण तास अभ्यास केला, मार्चमध्ये कामाची पाळी बदलली आणि त्यानंतर वही उघडली नाही’ असे लिहिले, की अडचण चिकाटीची नसून वेळेची होती हे दिसते आणि अभ्यास सकाळी वीस मिनिटांवर आणण्याचा उपायही सुचतो.

मग प्रत्येक उद्दिष्ट चालू ठेवायचे, बदलायचे की सोडायचे, हे ठरवावे. येथे घाई नको. समशीतोष्ण प्रदेशांत सर्वाधिक उष्मा मोठ्या दिवसानंतर काही आठवड्यांनी येतो, कारण जमीन आणि समुद्र तापायला वेळ लागतो. प्रयत्नांचे फळही असेच मागाहून दिसते. म्हणून मेहनत थांबली आहे, की केवळ परिणाम दिसायचा आहे, हे आधी तपासावे. ज्याची खरोखर गरज उरलेली नाही, ते उद्दिष्ट मात्र तारीख घालून खोडून टाकावे. माझ्या मते आढाव्यातील सर्वांत उपयोगी काम हेच आहे, आणि सर्वाधिक टाळले जाणारेही. त्या जागी लगेच नवे उद्दिष्ट घेऊ नये.

पुढील तपासणीसाठी २२ किंवा २३ सप्टेंबरचा संपातदिन, म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी असण्याचा दिवस, दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावा. बदललेला दिनक्रम टिकतो की नाही, हे पाहण्यास मधले तीन महिने पुरेसे असतात.