डॉपलरच्या आधी नळी

यवतमाळकडच्या उपकेंद्रांत नव्याने रुजू होणाऱ्या एएनएम (परिचारिका) मुली आधी डॉपलर, म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारं यंत्र, कुठे आहे ते विचारतात. तो असतो हो, पण कधी सेल उतरलेले, कधी जेल संपलेलं. म्हणून आधी फिटोस्कोपची, म्हणजे पोटाला टेकवून कानाने ठोके ऐकायची नळी शिका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या आदोल्फ पिनार यांनी रूढ केलेली ही कर्ण्यासारखी नळी आजही तशीच वापरात आहे.

बाईला लघवीला जाऊन यायला सांगा, मग निजवा, गुडघे वाकवू द्या. हात चोळून गरम करा आणि पोट चाचपा. एका बाजूला सलग, टणक लागते ती बाळाची पाठ. दुसरीकडे हातापायांचे उंचवटे. ठोके पाठीकडून नीट येतात. डोकं खाली असेल तर बेंबीच्या खाली ऐका, पायाळू असेल तर बहुधा वर. नळी टेकवली, कान दाबला की हात काढून घ्या, नाहीतर नुसती खरखर. पूर्ण एक मिनिट मोजा. ११० ते १६० ठीक.

ऐकताना बोटं आईच्या नाडीवर असू द्या. आवाज नाडीच्या तालात चालला तर तो आईचाच. डॉपलर इथे जास्त फसवतो, कारण आकडा दिसला की आपण तपासणं सोडतो.

डॉपलरवर साधारण बाराव्या आठवड्यापासून ठोके मिळतात, नळीवर विसाव्यानंतर. जाड पोट असेल तर आणखी उशिरा. त्याआधी नाही ऐकू आले म्हणून घाबरवू नका. नंतर मात्र सापडले नाहीत किंवा आकडा बाहेर गेला, तर कुशीवर वळवून पुन्हा ऐका आणि लगेच मेडिकल ऑफिसरला फोन करा. उद्यावर ढकलू नका, कापूस वेचणीचे दिवस असले तरी.

टेपही तितकीच कामाची. २४ ते ३६ आठवड्यांत गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये जवळपास आठवड्यांइतकीच येते, दोनेक इकडेतिकडे. आकड्यांची बाजू खाली ठेवून मोजा, म्हणजे मनातला आकडा टेपवर उतरत नाही.

"मशीन लावली ना बाई, मंग पोरगं हाय का पोरगी?" सासू विचारणारच. डॉपलरला ते कळत नाही, हे एकदाच ठणकावून सांगा. सोनोग्राफीत दिसलं तरी सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही.

कार्डावर 'ठोके नॉर्मल' लिहू नका, आकडा लिहा. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायांच्या तपासणीचं मातृत्व अभियान असतं, त्यात डॉक्टर तोच बघतात.