परभाषेतील पुस्तकातला मुद्राराक्षस कसा ओळखावा

परभाषेतील पुस्तक वाचताना एखाद्या शब्दापाशी अडले की वाचक बहुधा स्वतःलाच दोष देतो. मराठीत 'पुस्कत' असे छापलेले असले तरी आपली नजर ते 'पुस्तक' असेच वाचून पुढे जाते. परभाषेत ही सवय अजून मुरलेली नसते, त्यामुळे छपाईची चूक कोणती आणि आपले अज्ञान कोणते हे उमगत नाही आणि मुळात नसलेल्याच शब्दासाठी कोश चाळण्यात तास जातो.

तरीही पहिला संशय स्वतःवरच घ्यावा. परिच्छेद पूर्ण वाचावा आणि मग अडलेल्या शब्दाचे प्रत्यय सोडवून मूळ रूप शोधावे, कारण कोशात न सापडणारे बरेचसे शब्द चुकीचे नसून केवळ चालवलेली रूपे असतात. पुस्तक जुने असल्यास त्या काळची लेखनपद्धतीही पाहावी. १९०१ च्या जर्मन शुद्धलेखन परिषदेपूर्वीच्या पुस्तकांत दार या अर्थाच्या 'ट्यूर' शब्दात 'टी'नंतर 'एच' आढळतो. तो मुद्रणदोष नव्हे.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर अक्षरांच्या आकाराकडे वळावे. खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकात 'एन'चा खिळा उलटा बसला की 'यू' दिसतो. छापील पानाच्या प्रतिमेवरून संगणकाने अक्षरे ओळखलेली असतील, तर शेजारचे 'आर' आणि 'एन' मिळून 'एम' होतो आणि इंग्रजीतल्या 'मॉडर्न'चा 'मोडेम' होतो. अशी चूक त्याच पुस्तकात वारंवार होऊ शकते, म्हणून शब्द पुन्हा दिसला एवढ्यावरून तो बरोबर ठरत नाही. टंकलिखित मजकुरात मात्र शेजारच्या कळीचा विचार आधी करावा.

चुकीतून दुसरा खरा शब्द तयार होतो, तेव्हा फसगत सर्वांत मोठी होते. जर्मन वाक्यात 'डास हान्स' असे छापले आहे असे समजा. हान्स हे पुरुषाचे नाव कोणालाही ओळखीचे वाटते, आणि जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे असल्यामुळे तिथेही खटकण्यासारखे काही नसते. परंतु 'डास' हे नपुंसकलिंगी उपपद आहे आणि पुरुषाच्या नावाआधी ते बसत नाही. 'एन'च्या जागी 'यू' ठेवला की 'डास हाउस', म्हणजे घर, असा शब्द मिळतो आणि व्याकरण व अर्थ दोन्ही जुळतात. माझ्या मते दुरुस्तीची खरी कसोटी हीच आहे: एकच अक्षर बदलावे आणि त्याने लिंग, वचन, क्रियापद आणि पुढचे वाक्य ही सर्व एकाच वेळी जागेवर यावीत. निव्वळ अर्थ सोपा व्हावा म्हणून दोन-तीन अक्षरे बदलू लागलो, तर लेखकाचा अवघड पण अचूक शब्द आपणच पुसून टाकतो.

कोशातही चूक असू शकते, हेही लक्षात असू द्यावे. १९३४ च्या वेब्स्टर या इंग्रजी कोशात घनता या अर्थाने 'डॉर्ड' हा शब्द छापला गेला. प्रत्यक्षात ती 'डी ऑर डी', म्हणजे घनतेसाठी 'डी' हे संक्षेपाक्षर मोठे किंवा लहान लिहावे, अशी नोंद होती; ती सलग एक शब्द म्हणून वाचली गेली.

शक्य असेल तेथे दुसरी आवृत्ती, मूळ पानाची प्रतिमा किंवा पुस्तकाच्या अखेरीचे शुद्धिपत्र पाहावे. तरीही निर्णय होत नसेल, तर छापलेल्या शब्दाला हात न लावता समासात पेन्सिलीने आपला तर्क प्रश्नचिन्हासह लिहावा आणि वाचन पुढे चालू ठेवावे.